रस्त्यावरचा पोशाख आणि फॅशनची शाळा

१

न्यूयॉर्क-लंडनच्या फॅशन-शिक्षणसंस्थांतून 'स्ट्रीटवेअर' हा आता अभ्यासाचा विषय झाला आहे. स्ट्रीटवेअर म्हणजे रस्त्यावरचा पोशाख. डोक्यावर ओढून घ्यायची हूडी, ढगळ जीन्स, छापील टी-शर्ट, ट्रॅकसूट, बेसबॉलची टोपी आणि पायात स्नीकर्स. आपल्याकडे तालुक्याच्या बाजारात हातगाडीवर टांगलेला असतो तोच हा पोशाख. त्याच्यावर आता व्याख्याने होतात, प्रबंध लिहिले जातात, संग्रहालयांतून त्याची प्रदर्शने भरतात. ज्यांनी चाळीस वर्षांपूर्वी त्याला पोशाख म्हणायचेही नाकारले, त्याच संस्था आज त्याचे गुणगान करताना दिसतात.

वरवर पाहता या गोष्टीशी दलित समाजाच्या विचारपत्राचा काय संबंध, असे कोणी विचारील. फॅशन हा पोट भरलेल्यांचा विषय, अशी आपल्यातील अनेकांची धारणा आहे, आणि ती अगदी निराधार आहे असेही नाही. परंतु कोणी काय नेसावे, कोणत्या रंगाचे, किती लांबीचे, कोणत्या पोताचे नेसावे, हे ज्या समाजात शतकानुशतके दुसऱ्यांनी ठरवले, त्या समाजाला वस्त्राचा इतिहास परका असू शकत नाही. आणि विद्यापीठाच्या दारात आपल्या कलेला आधी 'अभिरुचिहीन' व नंतर 'प्रेरणादायी' ठरताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तर हा इतिहास फारच ओळखीचा वाटेल.

प्रस्तुत लेखात एकच प्रश्न धरून चालायचे आहे. रस्त्यावरच्या पोशाखाला अभ्यासक्रमात जागा मिळाली असे म्हणतात, तेव्हा जागा नेमकी कोणाला मिळाली? कपड्याला, की तो कपडा घडवणाऱ्या माणसाला? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील काळ्यांच्या इतिहासात शोधावे लागते, कारण आज ज्याला स्ट्रीटवेअर म्हणतात त्याचा फार मोठा भाग त्यांच्या वस्त्यांतून आलेला आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील लाटांवर खेळणाऱ्या आणि फळकुटाच्या गाडीवर घसरणाऱ्या गोऱ्या पोरांचाही त्यात वाटा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्या पोरांना त्यांच्या कपड्यांसाठी कोणी जमावाने मारले नाही. काळ्यांचे तसे नव्हते.

२

इ. स. १७३९ मध्ये साउथ कॅरोलायना या इंग्रजी वसाहतीत स्टोनो नदीच्या काठी गुलामांनी उठाव केला. तो चिरडला गेला. दुसऱ्याच वर्षी, १७४० साली, वसाहतीच्या विधिमंडळाने गुलामांसंबंधी एक तपशीलवार कायदा केला. त्यातील एक कलम कपड्यांविषयी आहे. पुष्कळ गुलाम आपल्या पायरीपेक्षा वरचे कपडे घालतात आणि ते मिळवण्यासाठी वाईट मार्ग अवलंबतात, असे कारण देऊन गुलामाने कोणते कापड अंगावर घालावे याची यादीच या कलमात दिली. जाडीभरडी लोकर, खरखरीत ताग-सुताचे कापड, चौकटीचे स्वस्त सुती कापड. त्याहून बरे वस्त्र गुलामाच्या अंगावर दिसले तर ते काढून घेण्याचा अधिकार अंमलदाराला दिला. अपवाद फक्त मालकाने दिलेला चाकरीचा गणवेश घालणाऱ्यांचा. म्हणजे मालकाची शोभा वाढत असेल तर गुलामाने चांगले दिसायला हरकत नव्हती.

याच कायद्यात आणखी एक कलम आहे. जो कोणी गुलामाला लिहायला शिकवील त्याला १०० पौंड दंड.

ही दोन कलमे एकाच कायद्यात यावीत हा योगायोग नव्हे. माणसाला त्याच्या पायरीवर ठेवायचे तर त्याच्या अंगावर काय आहे आणि त्याच्या डोक्यात काय आहे, या दोहोंवर पहारा ठेवावा लागतो, हे त्या कायदेमंडळाला पक्के ठाऊक होते. आपल्या वाचकाला हे नवीन सांगायला नको. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे वापरावीत, फुटक्या भांड्यात जेवावे, लोखंडाचे दागिने घालावेत असे सांगितले आहे. आणि त्याच ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात शूद्राला धर्माचा उपदेश करू नये असे बजावले आहे. दोन खंड, दोन काळ, दोन धर्म; आणि पहाऱ्याच्या जागा त्याच.

म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत, जिथे मनुस्मृतीचे दहन झाले तिथेच, बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याची रीत बदला, अस्पृश्यतेची खूण सांगणारे जडशीळ दागिने टाकून द्या, आणि मुलींना शाळेत घाला, असे सांगितले. पोशाख आणि शिक्षण ही दोन्ही कुलुपे एका भाषणात उघडली गेली. या भाषणाकडे 'स्वच्छतेचा उपदेश' म्हणून पाहणाऱ्यांना त्याचा अर्थ कळलेला नाही. जो कायदा वस्त्रातून जात ओळखू देत होता, त्या कायद्यावरचा तो घाव होता. पुढे स्वतः बाबासाहेबांनी आयुष्यभर घातलेला कोट-टाय याच अर्थाने वाचावा लागतो.

अमेरिकेत गुलामांसाठी विणल्या जाणाऱ्या कापडाला 'नीग्रो क्लॉथ' असेच नाव होते. ऱ्होड आयलंडसारख्या उत्तरेकडील राज्यांतल्या गिरण्या ते विणून दक्षिणेतील मळेवाल्यांना विकत. गुलामी दक्षिणेत आणि तिच्या कापडाचा नफा उत्तरेत, अशी ती सोय होती. हेच कापड अंगावर वागवणारे लोक रविवारी चर्चला जाताना मिळेल त्या तुकड्याला रंग देत, शिवत, डोक्याला रुमाल वेगळ्या तऱ्हेने बांधत. सहा दिवस मालकाचे, सातवा आपला. या सातव्या दिवसाच्या शिवणकामातून काळ्या अमेरिकेची वेशपरंपरा जन्मली. ती कोणत्याही शाळेत शिकवली जात नव्हती. आईने मुलीला आणि आजीने नातीला ती दिली.

३

अशाच एका शिवणाऱ्या घराण्यात, अलाबामा राज्यात, अॅन लो यांचा जन्म झाला. आजी शिवीत असे, आई मोंटगोमेरी शहरातील बड्या गोऱ्या स्त्रियांचे झगे शिवीत असे. १९१७ साली अॅन लो न्यूयॉर्कमधील एस. टी. टेलर या वेशरचनेच्या शाळेत दाखल झाल्या. प्रवेश झाला तेव्हा विद्यार्थिनी काळी आहे हे शाळेला माहीत नव्हते. प्रत्यक्ष पाहिल्यावर त्यांना वेगळ्या खोलीत बसवण्यात आले. गोऱ्या मुली एका वर्गात आणि ही मुलगी एकटी दुसऱ्या खोलीत. पण तिचे काम इतके सरस होते की शिक्षक तिने केलेले नमुने वर्गात नेऊन इतरांना दाखवू लागले.

या लेखाचा सगळा विषय या एका प्रसंगात सामावला आहे. नमुना वर्गात आणि माणूस वर्गाबाहेर. आपल्या शाळांतून दाराबाहेर बसून धडे ऐकणाऱ्या पोरांची आठवण झाल्यावाचून राहत नाही; फरक इतकाच, की त्यांच्या पाट्या कोणी आत नेऊन दाखवल्या नाहीत, कारण पाटीलाही विटाळ होता. कापडाला विटाळ नसतो. म्हणून कापड आत घेणे सोपे जाते.

पुढे १९५३ साली जॅकलिन बुव्हिए आणि सिनेटर जॉन केनेडी यांच्या लग्नात वधूचा जो झगा जगभर गाजला, तो अॅन लो यांनी केलेला. लग्नाच्या काही दिवस आधी त्यांच्या कारखान्यात पाण्याचा नळ फुटून तयार झगा खराब झाला. त्यांनी पदरमोड करून, दिवसरात्र खपून तो पुन्हा उभा केला आणि स्वतः पोचवायला गेल्या. तिथे त्यांना मागच्या दाराने या असे सांगण्यात आले. पुढच्या दाराने घेत नसाल तर झगा परत नेते, असे त्यांनी ठणकावले, तेव्हा त्यांना पुढच्या दाराने आत घेतले गेले. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत झग्याचे वर्णन रकानेच्या रकाने आले. शिवणारीचे नाव बहुतेकांनी छापले नाही.

इथे आणखी एका संस्थेची नोंद करून ठेवली पाहिजे. १९४४ साली न्यूयॉर्कमध्ये कपड्यांच्या उद्योगातील लोकांच्या पुढाकाराने 'फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी' स्थापन झाली. शिंप्याच्या हातातील विद्येला महाविद्यालयाचा दर्जा देणारी ही संस्था. तिचा आणि आपला संबंध पुढे यायचा आहे.

४

अॅन लो या बड्या घरांसाठी शिवत होत्या. त्याच काळात रस्त्यावर दुसरे काही घडत होते. १९३० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आणि इतर शहरांतील नाचघरांत 'झूट सूट' नावाचा पोशाख आला. गुडघ्यापर्यंत लांब कोट, खांद्यांत भरलेला कापूस, मांडीशी ढगळ आणि घोट्याशी आवळलेली विजार. काळे, मेक्सिकन आणि फिलिपिनो कष्टकऱ्यांची पोरे तो घालीत. आठवडाभर दुसऱ्याच्या भांड्यांत आणि यंत्रांत राबलेली पोरे शनिवारी रात्री अंगावर वाजवीपेक्षा जास्त कापड घेऊन निघत. जास्त जागा व्यापणे हाच त्या कपड्याचा अर्थ होता.

१९४२ साली युद्धामुळे अमेरिकन सरकारने लोकरी कापडाच्या वापरावर मर्यादा घातल्या. त्यानंतर झूट सूट हा देशद्रोहाचा पुरावा मानला जाऊ लागला. जून १९४३ मध्ये लॉस एंजेलिस शहरात सुटीवरील गोऱ्या नौसैनिकांच्या झुंडी मेक्सिकन वस्त्यांत शिरल्या. सिनेमागृहांतून, ट्राममधून पोरांना ओढून काढले, मारले, भर रस्त्यात त्यांचे कपडे फाडून त्यांना उघडे केले. काळी व फिलिपिनो पोरेही त्यातून सुटली नाहीत. पोलिसांनी अटक केली ती बहुतेक मार खाल्लेल्यांनाच. शहराच्या परिषदेने झूट सूटवर बंदी घालण्याचा ठराव केला. त्याचा कायदा मात्र झाला नाही.

१७४० च्या कायद्यात अंमलदाराला जो अधिकार होता तो १९४३ साली जमावाने परस्पर वापरला, एवढाच काय तो बदल.

याच लॉस एंजेलिस शहराच्या कलासंग्रहालयाने २०११ साली लिलावात एक जुना झूट सूट पाऊण लाखाहून अधिक डॉलर देऊन विकत घेतला आणि २०१६ च्या पुरुषवेशांच्या प्रदर्शनात मांडला. ज्या रस्त्यावर तो फाडला गेला, त्याच शहरात तो काचेआड गेला. संग्रहालयाने तो जपला हे चांगलेच झाले. परंतु काच कपड्याचे रक्षण करते, घालणाऱ्याचे नाही.

५

११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक अॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीच्या सामायिक खोलीत एक नाचगाण्याची बैठक झाली. हिप-हॉप संगीताचा जन्म या रात्री झाला असे मानतात. तबकड्या वाजवणारा क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजे डीजे कूल हर्क, याचे नाव सर्वांना माहीत असते. ही बैठक भरवली होती त्याची बहीण सिंडी हिने. शाळा सुरू होणार होती आणि तिला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते. त्यासाठी मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट प्रवेशमूल्य ठेवले होते. जगभर पसरलेल्या एका संस्कृतीचा उगम एका काळ्या मुलीच्या शाळेच्या कपड्यांत आहे, ही गोष्ट फॅशनच्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवी.

या संस्कृतीचा शिंपी होता डॅनिएल डे, म्हणजेच 'डॅपर डॅन'. जन्म १९४४ चा, हार्लेममधलाच. १९८२ साली त्याने हार्लेमच्या १२५ व्या रस्त्यावर दुकान उघडले. हार्लेमच्या माणसाला घाऊक व्यापारी माल देईनात. युरोपच्या उंची पेढ्यांचे कपडे काळ्या गिऱ्हाइकासाठी नव्हतेच. तेव्हा तो कातड्यावर छपाई करायला स्वतःच शिकला. त्या पेढ्यांची नाममुद्रा त्याने आपल्या कातड्यावर छापली आणि त्यातून पेढ्यांनी कधी स्वप्नातही न पाहिलेले कोट शिवले. पेढ्या तेव्हा पिशव्या आणि पाकिटे विकत. त्यांच्या नाममुद्रेचा अंगभर पोशाख हार्लेममध्ये झाला. सेनेगलहून आलेले शिंपी त्याच्याकडे कामाला होते. दुकान दिवसरात्र उघडे असे. हिप-हॉपचे गायक आणि मुष्टियोद्धे त्याचे गिऱ्हाईक होते.

पेढ्यांच्या वकिलांनी छापे घातले, माल जप्त केला, आणि १९९२ साली दुकान बंद पडले. कायद्याच्या दृष्टीने नाममुद्रा त्यांची होती, हे खरेच. पण मग २०१७ साली गुची या इटालियन पेढीने फ्लॉरेन्सच्या प्रदर्शनात एक फुगीर बाह्यांचे जाकीट मांडले. ते डॅपर डॅनने १९८९ साली धावपटू डायेन डिक्सन हिच्यासाठी केलेल्या जाकिटाची उघड प्रतिकृती होती. काळ्या समाजात गहजब झाला, तेव्हा गुचीने त्याच्याशी करार केला आणि २०१८ साली हार्लेममध्ये त्याचे दुकान पुन्हा उभे राहिले. खालच्याने वरच्याचे घेतले तर ती चोरी. वरच्याने खालच्याचे घेतले तर ती आदरांजली. या दोन शब्दांमधले अंतर कोण ठरवतो?

१९९२ सालीच न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात डेमंड जॉन व त्याचे मित्र यांनी 'फुबू' नावाने कपडे विकायला सुरुवात केली. या नावाच्या आद्याक्षरांचा अर्थ 'आमच्यासाठी, आमच्याकडून'. आमचे दुःख आम्हीच लिहू, असे म्हणत दलित लेखक साहित्यात आला, त्याच्याशी या चार अक्षरांचे नाते सांगायची गरज नाही.

६

आता शाळेकडे वळू. फॅशनच्या शाळेत रस्ता इतकी वर्षे का शिरला नाही? त्यामागे एक सिद्धान्त होता. फॅशन वरून खाली झिरपते, हा तो सिद्धान्त. व्हेब्लेनने १८९९ मध्ये, जर्मन समाजशास्त्रज्ञ झिमेलने १९०४ मध्ये तो आपापल्या परीने मांडला. वरचा वर्ग नवे काही घालतो, खालचा त्याचे अनुकरण करतो, मग वरचा ते टाकून दुसरे काही घालतो. त्यांच्याही आधी, १८९० साली, फ्रेंच विचारवंत गाब्रिएल तार्द याने अनुकरणाचे नियम सांगितले होते: अनुकरणाचा प्रवाह वरून खाली वाहतो.

तार्दचे हे नाव आपल्याला अनोळखी नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. आंबेडकरांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला, त्यात जात एका वर्गाकडून इतरांकडे कशी पसरली हे सांगताना त्यांनी तार्दचाच आधार घेतला आहे. ब्राह्मणांनी स्वतःला कोंडून घेतले आणि इतरांनी त्यांचे अनुकरण केले, असा तो युक्तिवाद. परंतु बाबासाहेबांच्या हाती हा सिद्धान्त शस्त्रासारखा होता. प्रतिष्ठा वर साठवलेली आहे म्हणून अनुकरण खाली वाहते, हे दाखवून त्यांनी त्या साठ्यावर बोट ठेवले. फॅशनच्या शाळांनी मात्र तोच नियम निसर्गनियम मानला. वर निर्मिती होते, खाली नक्कल होते, असा धडा त्यांनी पिढ्यान्पिढ्या गिरवला. कोलंबिया विद्यापीठाच्या काही रस्ते पलीकडे तो १२५ वा रस्ता आहे, जिथे पुढे डॅपर डॅन बसला. इतक्या जवळ असूनही शाळांना तो दिसला नाही, कारण त्यांच्या सिद्धान्तात तो बसत नव्हता.

१९९४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयाने रस्त्यावरच्या वेशांचे मोठे प्रदर्शन भरवले. त्यामागे असलेले मानववंशशास्त्रज्ञ टेड पोल्हीमस यांनी सिद्धान्त उलटा करून दाखवला: फॅशन खालून वर उसळते. शाळांनी हळूहळू हे मान्य केले. पण इथेच खरी गोम आहे. कल्पना खालून वर गेली, पैसा आणि नाव मात्र वरच राहिले. झिरपण्याची दिशा बदलली, साठ्याची जागा बदलली नाही.

याचा पुरावा शाळेच्या आतच मिळतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वर उल्लेखिलेल्या न्यूयॉर्कच्या फॅशन इन्स्टिट्यूटच्या पदव्युत्तर विभागाचे प्रदर्शन झाले. त्यात मॉडेलांना लावण्यासाठी प्रचंड लाल ओठ आणि माकडासारखे कान दिलेले होते. काळ्यांची टवाळी करणाऱ्या जुन्या नाटकांतले तेच सोंग. एका काळ्या मॉडेलने ते लावायला नकार दिला. संस्थेला माफी मागावी लागली. इतके शिक्षक, इतके तज्ज्ञ, इतक्या तालमी. आणि हे काय आहे हे ओळखायला रंगमंचावर चालण्यासाठी आणलेली एक मुलगी लागली. ज्यांचे कपडे अभ्यासक्रमात आले ती माणसे शिक्षकांच्या खोलीत पुरेशी आली नव्हती, याचे हे फळ. तीन वर्षांनी, २०२३ मध्ये, याच संस्थेच्या संग्रहालयाने हिप-हॉपच्या ५० वर्षांच्या वेशांचे प्रदर्शन मांडले. प्रदर्शन हवेच होते. पण नकार देणाऱ्या त्या मुलीने जो धडा शिकवला, तो कोणत्याही प्रदर्शनापेक्षा मोठा होता.

उलट दिशेचे एक उदाहरणही सांगितले पाहिजे. ड्वेन एडवर्ड्स हा कॅलिफोर्नियातील इंगलवूडचा काळा मुलगा. बुटांची चित्रे काढायचा. काळ्या मुलाला बुटांचा रचनाकार होता येणार नाही, सैन्यात जा, असा सल्ला शाळेतून मिळाला. फॅशन-महाविद्यालयाची पायरी न चढता तो बुटांच्या एका कंपनीत चिल्लर कामाला लागला, सूचनापेटीत रोज एक चित्र टाकत राहिला, आणि त्यातून रचनाकार झाला. पुढे नामांकित 'जॉर्डन' बुटांच्या रचनाविभागाचा प्रमुख झाला. मग त्याने २०१० साली पोर्टलंडमध्ये स्वतःची शाळा काढली. व्हायोलेट लुइस या काळ्या बाईंनी १९२८ साली इंडियानापोलिसमध्ये स्थापिलेले आणि पुढे डेट्रॉइटला गेलेले व्यवसायशिक्षणाचे महाविद्यालय २०१३ मध्ये बंद पडले होते. एडवर्ड्सने २०२२ मध्ये ते रचनाशिक्षणाचे महाविद्यालय म्हणून पुन्हा उघडले. इथे रस्ता अभ्यासक्रमात आला नाही. रस्त्यावरून आलेल्या माणसाने अभ्यासक्रम लिहिला. हा फरक मूलभूत आहे.

व्हर्जिल अॅब्लो याचेही असेच. आईकडून शिवण शिकलेला, स्थापत्याची पदवी घेतलेला, फॅशनच्या शाळेत न गेलेला हा काळा तरुण २०१८ साली लुई व्हिटॉन या पॅरिसच्या पेढीच्या पुरुषवेश विभागाचा प्रमुख झाला. २०२० साली त्याने काळ्या विद्यार्थ्यांच्या फॅशन-शिक्षणासाठी १० लाख डॉलरची शिष्यवृत्ती उभी केली. २०२१ मध्ये अवघ्या ४१ व्या वर्षी तो गेला. वर पोचल्यावर त्याने शिडी ओढून घेतली नाही.

७

कोणी म्हणेल, आता तर सगळेच हूडी घालतात, मग भेद कुठे राहिला? २६ फेब्रुवारी २०१२ रोजी फ्लॉरिडातील सॅनफर्ड गावात ट्रेव्हॉन मार्टिन हा १७ वर्षांचा काळा मुलगा हूडी घालून दुकानातून परत येत असता वस्तीच्या एका स्वयंसेवक पहारेकऱ्याने त्याला गोळी घातली. पहारेकरी पुढे निर्दोष सुटला. दूरचित्रवाणीवरील एका भाष्यकाराने तर हूडीलाही तितकेच जबाबदार धरले. त्या मार्च महिन्यात काँग्रेस सदस्य बॉबी रश हे निषेध म्हणून सभागृहात हूडी घालून बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यांना बाहेर काढण्यात आले. हे तेच रश, ज्यांनी १९६८ साली इलिनॉय राज्यात ब्लॅक पँथरची शाखा काढण्यात भाग घेतला होता. आणि काळे जाकीट व तिरपी टोपी घालणाऱ्या त्या पँथरांच्या नावावरूनच १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली.

आपल्याकडे २०२३ साली गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात एका दलित तरुणाने चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून त्याला मारहाण झाल्याची फिर्याद नोंदली गेली. तोच शर्ट, तोच गॉगल दुसऱ्याच्या अंगावर फॅशन असतो. तेव्हा कपडा सार्वत्रिक झाला म्हणून कपड्यातला अधिकार सार्वत्रिक झाला असे होत नाही.

८

आपल्या देशात फॅशनचे शिक्षण सरकारी पातळीवर सुरू झाले ते १९८६ साली, दिल्लीतील राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या रूपाने, आणि तेही न्यूयॉर्कच्या त्याच फॅशन इन्स्टिट्यूटच्या सहकार्याने. म्हणजे शाळेचा साचा तिथून आला. साच्याबरोबर त्यातील भेग येणार नाही, असे मानण्याचे कारण काय?

या संस्थेत अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा आहेत, ही घटनेची देणगी; न्यूयॉर्कच्या शाळेला तशी घटना लाभली नाही. पण चार वर्षांची फी काही लाखांत जाते, प्रवेशपरीक्षेची तयारी शहरातील खाजगी वर्गांत होते, आणि शिकवण्याची भाषा इंग्रजी. मी इतिहास शिकवतो त्या महाविद्यालयात पहिल्यांदाच पदवीची पायरी चढणारी मुले मोठ्या संख्येने आहेत. शिवणयंत्रावर हात बसलेल्या, कातड्याचा पोत बोटाने ओळखणाऱ्या या मुलांपैकी एकालाही अशी परीक्षा असते हे कोणी सांगितलेले नसते.

जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा या पेढीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरी वळणाच्या चपला मांडल्या. कोल्हापूरचे नाव घेतले नाही. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांसाठी. महाराष्ट्रातून ओरड झाली तेव्हा पेढीने मूळ मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला: २,००० जोड, एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो. वृत्तपत्रांनी त्याचे स्वागत केले. करारात कारागिरांच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे, याचे तर विशेष कौतुक झाले.

मला त्या तरतुदीपाशीच थांबावेसे वाटते. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडे मुरवण्याची विद्या ज्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या आहे, ज्यांच्या बायका बोटांनी चामड्याची वेणी घालतात, त्यांना प्रशिक्षण मिळणार. नवी यंत्रे, नवा बाजार त्यांनी जरूर शिकावा. पण त्यांच्याकडून शिकण्याची, त्यांना शिक्षकाचा हुद्दा आणि शिक्षकाचा पगार देण्याची तरतूद कुठे आहे? फॅशनच्या शाळेतील विद्यार्थी कारागिरांच्या गावी जाऊन त्यांची कला टिपून घेतात. त्या टिपणांवर विद्यार्थ्याला पदवी मिळते. ज्याने शिकवले त्याला मजुरी मिळते. ढोर-चर्मकाराची विद्या बलुत्याच्या काळात 'काम' होती. आज तिला 'हस्तकला' म्हणतात. ती 'विद्या' कधी होणार?

९

तेव्हा रस्त्यावरच्या पोशाखाला अभ्यासक्रमात जागा द्यावी की नाही, हा प्रश्नच अपुरा आहे. द्यावी, हे उघड आहे. पण तेवढ्याने १९१७ सालची ती वेगळी खोली मोडत नाही. ती मोडायची तर तीन गोष्टी लागतील.

पहिली, कपड्याबरोबर त्याचा इतिहास शिकवला पाहिजे. हूडीचा पाठ घेताना १७४० चा कायदा, १९४३ चे रस्ते आणि २०१२ ची गोळी वगळता येणार नाही. आणि आपल्याकडे लुगड्याची लांबी शिकवताना महाड वगळता येणार नाही. दुसरी, ज्यांच्या हातात विद्या आहे त्यांना पदवी नसली तरी अध्यापक म्हणून नेमले पाहिजे. संगीताच्या क्षेत्रात घराण्याच्या उस्तादांना पदवीवाचून विद्यापीठांनी मान दिला. तोच मान चामड्याच्या, सुईच्या आणि करघ्याच्या उस्तादांना नाकारण्याचे कारण जातीवाचून दुसरे काय असू शकते? तिसरी, त्या उस्तादांच्या मुलामुलींना, फी आणि भाषा आड न येता, त्याच वर्गात पुढच्या बाकावर बसता आले पाहिजे.

ही मागणी दयेची नाही. अॅन लो पुढच्या दाराशी उभ्या राहून म्हणाल्या होत्या, दार उघडणार नसेल तर झगा परत नेते. आपल्या समाजाने आजवर आपला माल मागच्या दाराने दिला आणि पुढच्या दाराशी दुसऱ्याचे नाव वाचले. कोल्हापूरच्या कारागिराने, धारावीच्या शिवणाऱ्याने, पैठणी विणणाऱ्या विणकराने यापुढे त्या बाईंचे वाक्य पाठ करावे. फॅशनच्या शाळेला रस्त्याची गरज आहे. रस्त्याला त्या शाळेवाचून आजवर अडले नाही. वाटाघाट याच समजुतीवर झाली पाहिजे, आणि ती आपल्या मुलांनी शिक्षकाच्या खुर्चीत बसून केली पाहिजे.